पाच किलोमीटरच्या आतले

अ‍ॅप भाचीने फोनमध्ये घालून दिले आणि अंतराची मर्यादाही तिनेच ठरवली: पाच किलोमीटर.

"याच्या पलीकडे कितीही चांगला माणूस असला तरी तू जाणार नाहीस," ती म्हणाली. "दोन बस बदलायच्या म्हटलं की तुझं डोकं दुखायला लागतं. मी ओळखून आहे तुला, मावशी."

मावशीचे वय सत्तेचाळीस. रक्त-लघवी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्या मुख्य तंत्रज्ञ होत्या. नवरा अकरा वर्षांपूर्वी वेगळा झाला होता, तोही भांडण न करता. एका खोलीत राहणाऱ्या दोन भाडेकरूंपैकी एकाने दुसरीकडे जागा बघावी तसा. दोन वर्षांपूर्वी भाचीला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली, ती राहायला आली आणि बाईंचे वाक्य मध्येच तोडणारे माणूस घरात पुन्हा आले. प्रयोगशाळेतल्या मुली बाईंना पाठीमागे दशांशबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होते आणि त्यांची हरकत नव्हती. नाव अचूक होते.

"हा ओळखपत्रावरचा फोटो कशाला लावतेस?" भाचीने विचारले. "पासपोर्ट काढायचाय का?"

"बघणाऱ्याला मी कोण ते कळावं, हाच उद्देश आहे ना?"

"बघणाऱ्याला तुला भेटावंसं वाटावं, हा उद्देश आहे."

फोटो तोच राहिला. आवडीनिवडींच्या रकान्यात बाईंनी 'नेमकेपणा' असे लिहिले होते, ते भाचीने खोडले आणि 'फिरणे' असे घातले.

"मी कुठे फिरते?"

"गच्चीवर. कपडे वाळत घालताना."

नोकरीच्या रकान्यात मात्र बाईंनी तिचे काही चालू दिले नाही. तिथे 'प्रयोगशाळा' एवढेच लिहिले. कुठली, कशाची, हे परक्या माणसांना कशाला कळायला हवे? स्वतःच्या खाजगीपणाच्या बाबतीत बाई अतिशय काटेकोर होत्या. पुढे जे घडले ते पाहता ही बाब इथेच नोंदवलेली बरी.

पहिला माणूस विम्याच्या कचेरीत होता. वय एकोणपन्नास, असे त्याने लिहिले होते. आठ दिवस गप्पा झाल्यावर त्याने आपले पूर्ण नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी बाई संगणकावर भलत्याच रुग्णाचा जुना रिपोर्ट शोधत होत्या. तो सापडला, आणि नंतर बोटांनी त्या रकान्यात विमावाल्याचे नाव टाइप केले. 'बोटांनी' हे बाईंचे त्या वेळचे स्पष्टीकरण. ते शास्त्रीय नाही हे त्यांना तेव्हाही कळत होते.

नाव निघाले. निघणारच होते. परिसरातल्या बहुतेक घरांतून कुणी ना कुणी कधीतरी या प्रयोगशाळेत बाही वर करून बसलेले होते. अ‍ॅपने बाईंच्या फोनभोवती आखलेले वर्तुळ आणि प्रयोगशाळेने तीस वर्षांत सुया टोचून आखलेले वर्तुळ जवळजवळ एकच होते. जन्मतारखेवरून विमावाला छप्पन्न वर्षांचा ठरला. बाईंनी त्याच संध्याकाळी त्याच्याशी बोलणे बंद केले. आपण फसता फसता वाचलो, या जाणिवेने त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

एकदा जमले की ती पद्धत होते. बाईंनी तिला मनातल्या मनात 'पडताळणी' असे नाव दिले. एकाने अविवाहित असे लिहिले होते, पण नोंदीत तातडीच्या संपर्कासाठी बायकोचा नंबर होता. एकाची साखर अशी होती की त्याच्या 'रोज पहाटे धावतो' या वाक्यावर बाईंना हसू आले. काही जण खरे बोलत होते, असेही निघाले. सहा महिन्यांत आठ जण झाले. बाईंनी यातले कुठे काही लिहून ठेवले नाही, कुणाला सांगितले नाही, भाचीलासुद्धा नाही. आणि हा संयम त्या आपल्या खात्यावर जमेला धरत होत्या. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीला त्यांच्याच अक्षरातला एक कागद होता: 'रुग्णाची नोंद कामापुरतीच उघडावी. एरवी उघडणे ही चोरी आहे.' दर वर्षी नव्या मुली आल्या की बाई त्यांना त्या कागदासमोर उभे करून पाऊण तास बोलत. ते बोलणे चांगले होई. या वर्षीही झाले होते.

नववा माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा होता. त्याने लिहिले होते: 'वय चौपन्न. विधुर. दारू-सिगारेट नाही. जिने चढायची सवय आहे, कारण मला बोलावतात तेव्हा लिफ्ट बंदच असते.' हे वाचून बाई स्वयंपाकघरात एकट्याच मोठ्याने हसल्या आणि भाची आतून धावत आली.

"काय झालं?"

"काही नाही. एक माणूस आहे."

"हसवणारा? मग लवकर भेट. हे लोक टिकत नाहीत बाजारात."

बाईंनी त्याचीही पडताळणी केली. वय खरे. विधुर, हेही खरे; त्याच्याच नोंदीत बायकोच्या नावापुढे 'मयत' असा शेरा होता. सगळे तंतोतंत जुळल्यावर बाईंनी तीन आठवडे त्याची नोंद पुन्हा उघडली नाही, आणि हे न उघडणे त्यांना हळूहळू प्रेमासारखे वाटू लागले. शनिवारी दुपारी साडेतीनला, ग्रंथालयाच्या तळमजल्यावरच्या उपाहारगृहात भेटायचे ठरले.

त्याच शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास त्याचे रक्त बाईंच्या पडद्यावर आले.

यात बाईंचा दोष नव्हता. आकडा मर्यादेच्या बराच बाहेर गेला की मुख्य तंत्रज्ञाने तो तपासून सही करायची, असा नियमच होता. यकृताची तपासणी होती. एसजीपीटी एकशे बेचाळीस. असायला हवा चाळीसच्या आत. बाईंनी नमुना पुन्हा यंत्रावर लावला. पुन्हा एकशे बेचाळीस. मागच्या महिन्यांशी तुलना केली, हेही कामच होते: एक्केचाळीस, बावन्न, सदुसष्ट, अठ्ठ्याऐंशी. आकडे जिना चढावा तसे चढत होते. सही केली. काम इथे संपले.

मग त्यांनी पाच वर्षांची नोंद उघडली. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या शोधल्या. त्या सगळ्या नकारार्थी होत्या. विषाणू नाही, तर राहिली दारू. म्हणजे 'दारू-सिगारेट नाही' हे खोटे. तपासणी सुचवणाऱ्या डॉक्टरांचे नाव त्याच पानावर ठळक अक्षरात होते. ते सांध्यांचे डॉक्टर आहेत हे बाईंना वर्षानुवर्षे माहीत होते. त्यांनी ते नाव वाचले आणि पुढे गेल्या. एका आकड्यावरून गोष्ट रचू नका, असे त्या मुलींना सांगत. स्वतः त्यांनी ती तेवढ्या वेळात रचून, बांधून, पाठही करून टाकली होती.

लिफ्टवाला आधीच येऊन बसला होता. दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा. वरचे बटण तेवढे उघडे. बाई आल्या तेव्हा त्याचा कान कोपऱ्यातल्या लिफ्टकडे होता.

"बंद होता होता अडखळतोय बघा दरवाजा," तो म्हणाला. "आणखी महिनाभर चालेल. मग मला फोन येईल. बसा ना. तुम्ही फोटोतल्यासारख्याच दिसता."

"फोटो ओळखपत्रावरचा आहे."

"ते दिसलंच. मी आधी घाबरलो. म्हटलं, या बाई मला कुठल्यातरी रांगेत उभं करणार."

बाईंना हसू आले आणि त्या स्वतःवरच रागावल्या. त्याने कप दोन्ही तळव्यांत धरून उचलला, जपून, कान न पकडता. हात किंचित थरथरतो, बाईंनी टिपले. तो सांगत होता की एकदा एक नवराबायको पाऊण तास लिफ्टमध्ये अडकले होते. "दार उघडलं तर दोघं कडाक्याने भांडत होते. मला म्हणतात, दोन मिनिटं थांबा हो, एवढं संपू दे. मी दार पुन्हा लावून घेतलं. काय करणार?"

"मग?"

"मग काय, जिन्यावर बसलो. बाहेर आले तेव्हा हातात हात. मी बघितलंच नाही असं दाखवलं. आमच्या कामात ते शिकावंच लागतं."

गोष्ट छान होती, आणि दुसऱ्या कुठल्याही दिवशी बाईंनी तिच्याकडे लक्ष दिले असते. त्यांनी कप बाजूला सरकवला.

"तुम्ही घेता का?"

"घेतोय की. चहा."

"ते नाही विचारलं."

"अच्छा. नाही. बायको होती तेव्हा वर्षातून एकदा, मेहुण्याच्या आग्रहाखातर. ती गेल्यापासून तेही नाही."

"कधीच नाही?"

"बाई, हा चहा आहे की चौकशी?"

"मला खोटं चालत नाही, एवढंच."

"मलाही नाही चालत."

"मग एकशे बेचाळीस कशाने होईल?" बाई म्हणाल्या.

तोंडातून आकडा गेल्याबरोबर त्यांना कळले. नळी हातातून सुटल्यावर ती फुटेपर्यंत जो एक क्षण असतो, तो त्यांना ओळखीचा होता. त्याने कप खाली ठेवला.

"काय एकशे बेचाळीस?"

काहीही सांगता आले असते.

"एसजीपीटी."

त्याने खिशातून फोन काढला, पाहिला, आणि टेबलावर पालथा ठेवला. "माझा रिपोर्ट संध्याकाळी सहाला मिळणार आहे," तो सावकाश म्हणाला. "तुम्ही त्या प्रयोगशाळेत आहात होय. मला वाटलं, सिमेंट-बिमेंट तपासत असाल."

त्याने दोन्ही हात टेबलावर पसरले. बोटांचे सांधे सुजलेले होते. डाव्या हाताची दोन बोटे पुरती सरळ होत नव्हती. पाच वर्षे रोज शेकडो हातांच्या शिरा शोधणाऱ्या आणि त्यानंतर सतरा वर्षे त्या शोधायला शिकवणाऱ्या बाईंनी ते हात आत्ता पाहिले.

"आठवड्यातून एक गोळी घेतो यासाठी," तो म्हणाला. "ती यकृताला त्रास देते, म्हणून दर महिन्याला रक्त. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले, आकडा शंभरच्या वर गेला तर गोळी बंद. गोळी बंद झाली की सकाळी मला शर्टाचं बटण लावता येत नाही. पाना धरणं तर सोडाच." मग त्याने शांतपणे विचारले, "दोनदा बघितलंत? एकशे बेचाळीसच आहे?"

"हो."

"हं." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "हे मी तुम्हाला आजच सांगणार होतो. चहा झाल्यावर. म्हटलं, आधी जरा बरी ओळख होऊ दे."

बाईंचे कान गरम झाले, मग मान. लाज हृदयात वगैरे नसते; ती त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे काम असते आणि चार-पाच मिनिटांत ओसरते, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. ही ओसरत नव्हती.

"आणखी कुणाकुणाचं बघितलंत असं?" त्याने विचारले.

"कुणाचं नाही. फक्त तुमचंच."

वाक्य सहज आले. आवाज हलला नाही, नजर ढळली नाही. सहा महिने बाई इतरांच्या ज्या वाक्यांच्या मागे लागल्या होत्या, ती त्या माणसांच्या तोंडातून अशीच सहज आली असणार.

त्याने मान हलवली. विश्वास ठेवला, हे स्पष्ट दिसले. "चला," म्हणत तो उठला, आणि वर जायचे नसतानाही सवयीने एकदा लिफ्टकडे पाहून बाहेर गेला.

बाई बसून राहिल्या आणि हिशेब करू लागल्या; दुसरे काही त्यांना येत नव्हते. कुणी कुठली नोंद केव्हा उघडली, याची यादी संगणक आपोआप ठेवत असे, पण तक्रार आल्याशिवाय ती कुणी बघत नसे. त्याने तक्रार केली तर नऊ नावे बाहेर येतील आणि बावीस वर्षांची नोकरी जाईल. नाही केली तर कुणाला काहीच कळणार नाही. तो तसा माणूस वाटत नाही, तक्रार नाही करायचा, असे बाईंच्या मनात आले. आणि आपण काय करतो आहोत हे त्यांना दिसले. त्याच्या चांगुलपणाच्या आधारावर त्या आपली नोकरी वाचवायला निघाल्या होत्या. ज्याला सकाळी दारुडा ठरवले, त्याच्या.

साडेपाचला त्या प्रयोगशाळेत परतल्या. स्वतःच्या नावावरची यादी काढली, छापली, कामाबाहेरच्या नऊ नावांखाली पट्टी लावून रेघा ओढल्या आणि कागद घेऊन डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या. प्रयोगशाळा डॉक्टरीणबाईंची होती. त्या निघायच्या तयारीत होत्या. कागद पाहून पर्स खाली ठेवली.

"हे काय?"

"मी उघडलेल्या नोंदी. काम नसताना."

डॉक्टरीणबाईंनी यादी दोनदा वाचली. "तक्रार कुणाची आली?"

"कुणाची नाही."

"मग हे माझ्यापुढे का आणलंत? तुम्ही काय, राजीनामा देताय का?"

"नाही."

"कोण आहेत हे नऊ जण? सगळे पुरुष."

"अ‍ॅपवर भेटलेले."

"कसल्या अ‍ॅपवर?"

आता हेही उच्चारावे लागणार होते. "जोडीदार शोधायच्या," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरे झाले असते. त्या चष्मा काढून पुसत राहिल्या. "भिंतीवरच्या कागदावर मी म्हटलं होतं, 'अयोग्य' लिहा. तुम्ही हट्टाने 'चोरी' लिहिलंत."

"हो."

"इतकी वर्षं तुमच्या सहीवर मी डोळे मिटून सही केली."

डॉक्टरीणबाईंनी यादीची घडी घालून ती खणात ठेवली.

"सोमवारपासून येऊ नका," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "चौकशी होईल. नऊ जणांना माझ्या सहीने पत्रं जातील. तुमचं नाव त्यात असेल."

"असू दे. एक विनंती आहे. यातला शेवटचा माणूस आत्ता सहाला रिपोर्ट न्यायला येईल. त्यांना मी दुपारी एक खोटं सांगितलंय. ते पत्रातून दुरुस्त होणार नाही."

"तुम्ही त्यांच्याशी एकट्या बोलणार नाही."

"तुमच्यासमोर."

सहाला दोन मिनिटे असताना तो आला. काउंटरवरच्या मुलीने त्याला आत पाठवले. दारात बाईंना पाहून तो थबकला. डॉक्टरीणबाईंनी त्याला बसवले, झाला प्रकार चार सरळ वाक्यांत सांगितला, प्रयोगशाळेच्या वतीने माफी मागितली आणि तक्रारीचा त्याचा हक्क समजावला. तो ऐकत होता. नजर टेबलावरच्या लिफाफ्यावर होती. मग डॉक्टरीणबाईंनी बाईंकडे पाहिले.

"दुपारी मी म्हटलं, फक्त तुमचंच बघितलं," बाई म्हणाल्या. "खोटं होतं ते. नऊ जणांचं बघितलं. तुम्ही नववे."

त्याने काही वेळ त्यावर विचार केला. आतून येणाऱ्या आवाजावरून बिघाड कुठे आहे हे ताडावे तसा.

"बाकीच्या आठांत खरं बोलणारं कुणी होतं का?"

"तिघं."

"त्यांना भेटलात?"

"नाही. त्यांच्याशीही बोलणं बंद केलं."

"ते का?"

हा प्रश्न बाईंनी स्वतःला कधी विचारला नव्हता. उत्तर मात्र तयार होते, जणू कुणीतरी आधीच काढून ठेवले होते. "खरं निघाल्यावर त्यांच्यात बघण्यासारखं मला काही उरलं नाही."

बाहेर यंत्राने नमुने संपल्याची शीळ घातली आणि कुणीतरी ते बंद केले.

"तक्रार मी करणार नाही," तो म्हणाला. "तुमच्यासाठी नाही. मला वेळ नाही. सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, "हा आकडा पक्का धरायचा ना?"

डॉक्टरीणबाईंनी बाईंकडे पाहिले.

"सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासलाय तुम्ही."

"दोनदा लावला. पक्का आहे."

त्याने रिपोर्ट बाहेर काढून वाचला आणि परत लिफाफ्यात घालू लागला. कागदाची कड लिफाफ्याच्या तोंडात शिरेना. वाकडी बोटे तो एकदा वरून, एकदा बाजूने लावून पाहत होता. बाईंचे हात मांडीवर होते. ते त्यांनी तिथेच ठेवले. शेवटी त्याने कागद उघडाच हातात घेतला, डॉक्टरीणबाईंना "येतो" म्हणाला आणि गेला. लिफाफा टेबलावर राहिला.

"अहो, उघडाच नेताय का," म्हणत डॉक्टरीणबाई लिफाफा घेऊन त्याच्या मागे निघाल्या. दारात वळून म्हणाल्या, "बसा तुम्ही इथेच. तुमच्याकडच्या किल्ल्या घ्यायच्यात अजून."

खोलीत बाई एकट्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंचा संगणक चालू होता आणि पडदा अर्धा त्यांच्या बाजूला वळलेला होता. त्यावर त्याची नोंद उघडी होती. बाईंनी किल्ल्यांचा जुडगा पर्समधून काढून टेबलावर ठेवला, खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि डॉक्टरीणबाई परत येईपर्यंत तशाच बसून राहिल्या.